घरांतील यंत्रें : तुंबलेला टाक आणि शाईची निवड

रोह्याहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. कुटुंब एकत्र, घरांत माणसें अकरा. मुलांच्या अभ्यासासाठीं आणि सासऱ्यांना स्तोत्रें मोठ्या अक्षरांत छापून देतां यावींत म्हणून दोन वर्षांपूर्वीं शाईचा प्रिंटर घेतला. यंदा उन्हाळ्याची सुटी लागली, पाठोपाठ घरांत लग्न निघालें, आणि तीन महिने त्या यंत्राकडे कोणी फिरकलें नाहीं. आषाढांत शाळेचें काम निघालें तेव्हां ओळीओळींतून पांढरे पट्टे उमटूं लागले आणि निळा रंग तर मुळींच येईना. थोरले भाऊजी म्हणतात, "बाहेरची शाई भरली त्याचें हें फळ; कंपनीचीच आणावी." धाकटे भाऊजी म्हणतात, "शाई ती शाई. कंपनी नांवाचे पैसे घेते." बाई विचारतात, खरें कोणाचें?

हाच वाद आज अनेक घरांत आहे, म्हणून त्याचें उत्तर खासगी पत्रानें न देतां या सदरांतच देत आहों. दोघांच्याही म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे. परंतु दोघेही दुसरा प्रश्न आधीं सोडवूं पाहात आहेत. शाई कोणाची घ्यावी हा चिकित्सेचा भाग झाला. त्यापूर्वीं निदान हवें आणि चिकित्सेमागून पथ्य हवें. वैद्यांचा हा क्रम यंत्रांनाही सोडून जात नाहीं.

प्रथम निदान. या प्रिंटरचें अंतरंग समजून घेतलें तर निम्मा वाद तेथेंच मिटतो. कागदावरून इकडून तिकडे धांवणाऱ्या भागास हेड म्हणतात. त्याच्या तळाला शेंकडों छिद्रें असतात. एकेका छिद्राची रुंदी मनुष्याच्या केंसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. त्यांतून सुटणारा थेंब चार पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटर शाईचे असे पंचवीस कोटि थेंब होतात. एवढ्या बारीक तोंडाचा टाक आपल्या वाडवडिलांनीं कधीं हातीं धरला नव्हता.

हे थेंब फेंकण्याच्या दोन रीति आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ सालीं जपानांतील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत सोल्डरिंगची तापलेली सळई शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून लागली आणि सुईंतून शाई उडाली. इचिरो एन्दो या संशोधकानें तें हेरलें, आणि या रीतीचा त्या कंपनींतील उगम तेथें झाला. अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपी कंपनीही स्वतंत्रपणें याच मार्गाला लागली होती. तिचा थिंकजेट हा प्रिंटर १९८४ सालीं बाजारांत आला. या रीतींत छिद्रामागची शाई क्षणार्धाच्याही लहान भागांत इतकी तापते कीं वाफेचा बुडबुडा होतो आणि तो पुढचा थेंब बाहेर ढकलतो. दुसरी रीति दाबाची. कांहीं स्फटिकांचा विजेशीं आणि दाबाशीं विशेष संबंध असतो, ही गोष्ट फ्रान्समध्यें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं प्रथम दाखविली. अशा पदार्थाला वीज दिली म्हणजे त्याचा आकार किंचित् बदलतो, आणि त्या दाबानें थेंब सुटतो. एप्सनचे प्रिंटर या रीतीचे आहेत.

आतां शाईकडे पाहूं. या शाईंत बहुतांश पाणीच असतें. त्यांत रंग, तो लवकर वाळूं नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओलावा धरणारे पदार्थ, कागदावर तो नीट बसावा म्हणून कांहीं द्रव्यें, आणि बुरशी धरूं नये म्हणून थोडें औषध. छिद्राच्या तोंडाशीं शाई हवेला उघडी असते. काम चालू असतांना ती पुढें सरत राहते. काम थांबलें कीं पाणी उडूं लागतें आणि मागें राहिलेली शाई दाट होऊन छिद्रांत बसते. हें टाळण्यासाठीं काम संपल्यावर हेड एका कडेला जाऊन रबरी टोपीखालीं बसतें. ती टोपी म्हणजे दौतीचें झांकण. परंतु झांकणानें वाळणें मंदावतें, थांबत नाहीं. आणि यंत्र स्वतःच्या बटनानें बंद न करतां भिंतीवरचा खटका दाबून बंद केलें, किंवा छपाई चालू असतां वीज गेली, तर हेड मधेंच उघडें राहतें. तेव्हां तर दौत झांकण काढून उन्हांत ठेवल्यासारखेंच झालें.

हें लिहितांना आमच्या कासूची हवा डोळ्यांपुढें आहे. पेण आणि नागोठणें या रेल्वेस्थानकांच्या मधलें हें गांव. पावसाळ्यांत येथें हवा इतकी ओली असते कीं शाई सहसा वाळत नाहीं. त्या दिवसांतला खरा धोका मध्येंच जाणाऱ्या विजेचा. उलट फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारच्या झळा आणि डोक्यावरचा पंखा यांनीं छिद्रें बघतां बघतां सुकतात. रोह्याची हवा कांहीं निराळी नाहीं. तेव्हां पत्रांतील दुखणें आषाढांत दिसलें, परंतु जडलें तें चैत्र-वैशाखांत. तीन महिने न हललेली शाई कोणाचीही असती, तरी बहुधा हेंच झालें असतें. निदान असें कीं मुख्य दोष शाईच्या कुळाचा नव्हे, आळसाचा. यंत्राच्या नव्हे, यंत्र वापरणारांच्या.

वाळल्यानें बुजणें नवें नाहीं. आपल्या जुन्या पोथ्या लिहिल्या त्या शाईंत दिव्याची काजळी आणि डिंक असे. डिंक जास्त झाला कीं बोरूची चीर बुजे, कमी झाला कीं अक्षर पुसलें जाई. दुसरी एक शाई हिरडा आणि हिराकस यांची. ती लिहितांना फिकी आणि मग हवेनें काळी होई, आणि तिच्यांतील आम्लानें कित्येक कागद अक्षरांच्या जागींच कुरतडल्यासारखे झाले आहेत. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. शाई, लेखणी, कागद यांची निगा हा तेथें साधनेचाच भाग आहे. काजळीचा कण पाण्यांत विरघळत नाहीं, नुसता तरंगत राहतो, आणि उन्हानें विटतही नाहीं. म्हणून त्या पोथ्या आजही वाचतां येतात. प्रिंटरच्या शाईंतही हीच दोन कुळें आहेत. एकींत रंग पाण्यांत विरघळलेला असतो, तिला डाय म्हणतात. दुसरींत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ती पिगमेंट. डाय छिद्रांतून सुखानें जाते, परंतु उन्हानें विटते आणि पाण्यानें फुटते. पिगमेंट टिकाऊ, परंतु वाळली तर घट्ट बसते. कित्येक यंत्रांत काळी पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. आपल्या यंत्राला कोणती लागते हें बाटलीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. तें वाचल्याशिवाय दुकानाची पायरी चढूं नये.

मूळची शाई कीं इतराची, हा वादही या प्रिंटरांच्या आधींचा आहे. १९३१ सालीं अमेरिकेंतील पार्कर कंपनीनें आपल्या फाउंटन पेनांसाठीं क्विंक नांवाची शाई काढली आणि तींत पेन स्वच्छ ठेवणारें द्रव्य असल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं मुंबईस गिरगांवांत दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं बंधूंच्या साहाय्यानें हॉर्स ब्रँड या नांवानें शाईच्या पुड्या आणि वड्या करण्यास आरंभ केला. तोच पुढें कॅमल शाईचा आणि कॅम्लिनचा कारखाना. विलायती पेनाच्या दृष्टीनें पाहिलें तर दांडेकरांची शाई ही 'बाहेरची'च होती! परंतु तिच्यावर करणाराचें नांव होतें, आणि त्या नांवाला ती उतरली म्हणून घरोघरीं राहिली. २०११ सालीं जपानच्या कोकुयो कंपनीनें कॅम्लिनचे बहुसंख्य भाग घेतले. आपलें आणि परकें यांच्या सीमा अशा हलत असतात. यावरून धाकट्या भाऊजींचें एक म्हणणें मान्य करावें लागतें कीं यंत्र ज्यानें केलें त्यालाच शाई करतां येते असें नाहीं.

परंतु थोरल्या भाऊजींच्या बाजूचाही एक दाखला त्याच पेनांच्या इतिहासांत आहे. १९४१ सालीं पार्करनें आपल्या '५१' या पेनासाठीं लवकर वाळणारी एक तीव्र शाई काढली. ती इतर पेनांना अपाय करी, म्हणून दुसऱ्या कोणत्याही पेनांत घालूं नये अशी सूचना खुद्द कंपनीनेंच केली होती. म्हणजे शाई ती शाई हेंही खरें नव्हे. शाई आणि टाक यांची पत्रिका जुळावी लागते. उष्णतेच्या प्रिंटरांत अयोग्य शाई तापून छिद्रामागें करपते आणि दुधाच्या पातेल्याला खाली खरवड धरावी तसा थर धरते. या दोषाला तंत्रज्ञांनीं दिलेलें 'कोगेशन' हें नांवही करपणें या अर्थाच्या जपानी शब्दावरून आलें आहे.

कंपन्यांचें वर्तनही निर्मळ आहे असें म्हणवत नाहीं. अनेक प्रिंटर स्वस्तांत देऊन नफा शाईंत काढावयाचा, ही पद्धति आतां उघड आहे. शाईच्या डबीवर एक चकती, म्हणजे चिप, बसवितात. ती ओळखीची नसेल तर यंत्र चालावयाचें नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें एचपीच्या कांहीं प्रिंटरांनीं, यंत्रांत घातलेल्या नव्या आज्ञावलीमुळें, काल चालत असलेल्या इतरांच्या डब्या एकाएकीं नाकारल्या. लोकांचा ओरडा झाला तेव्हां कंपनीला तो निर्बंध काढणारी आज्ञावली द्यावी लागली. आणि डिसेंबर २०२० मध्यें इटलीच्या स्पर्धानियामकांनीं, ग्राहकांना या निर्बंधांची नीट कल्पना दिली नाहीं म्हणून, तिला १ कोटि युरोचा दंड केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ३० मे २०१७ रोजीं लेक्समार्क कंपनीच्या खटल्यांत असें ठरविलें कीं एकदां विकलेल्या डबीवरचा पेटंटचा हक्क विक्रीबरोबर संपतो. ती पुन्हां भरून विकणाराला त्या हक्कानें अडवितां येत नाहीं. तो निर्णय अमेरिकेपुरता. तरी त्यांतील न्याय आपल्याही बुद्धीला पटणारा आहे. घागर विकत घेतली, तर तींत कोणत्या विहिरीचें पाणी भरावें हें कुंभारानें सांगूं नये. गंमत अशी कीं २०२२ च्या आरंभीं जगभर चिपांची टंचाई झाली, तेव्हां कॅननलाच आपल्या मोठ्या यंत्रांच्या पावडरीच्या डब्या चिपेवांचून विकाव्या लागल्या, आणि यंत्राची 'ही डबी नकली' ही सूचना कशी दुर्लक्षावी हें आपल्याच गिऱ्हाइकांना समजावून द्यावें लागलें!

उलट एका ठिकाणीं गिऱ्हाइकांची युक्ति कंपनीनें उचलली. इंडोनेशियांत लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्त शाई भरीत. तें पाहून एप्सननें ऑक्टोबर २०१० मध्यें तेथेंच प्रथम, बाटलीनें भरावयाच्या टाकीचा प्रिंटर विकण्यास काढला. आज आपल्याकडे घरोघरीं दिसणारे टाकीचे प्रिंटर त्या युक्तीचीच संतति होत.

आतां चिकित्सा, म्हणजे निवड. बाजारांतल्या शाईचे दोन नव्हे, तीन वर्ग आहेत. पहिली मूळ कंपनीची. दुसरी इतर कारखानदाराची, परंतु स्वतःच्या नांवानें विकलेली. तिसरी मूळ कंपनीच्या नांवाची खोटी, किंवा मुळींच नांवगांव नसलेली. घरोघरीं वाद होतो तो पहिल्या दोघींत, आणि नुकसान करते ती तिसरी. खोट्या नांवाची शाई विकणें हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणें तुरुंग आणि दंड यांस पात्र असा अपराध आहे. ओळखण्याचा सोपा उपाय असा. वेष्टनबद्ध मालासंबंधींच्या २०११ च्या नियमांप्रमाणें वेष्टनावर करणाराचें किंवा आयात करणाराचें नांव व पत्ता, निव्वळ माप, महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रार करण्याचें ठिकाण हीं छापावीं लागतात. यांपैकीं कांहीं नसेल, किंवा दुकानदार पावती देण्यास कांकूं करील, तर ती बाटली तेथेंच ठेवावी.

पहिली घ्यावी कीं दुसरी, हें मात्र यंत्राच्या रचनेवर ठरतें. पत्रांत प्रिंटर डबीचा कीं टाकीचा हें नाहीं, म्हणून दोन्ही सांगतों. लहान डबीच्या पुष्कळशा प्रिंटरांत हेड हें डबीलाच जोडलेलें असतें. डबी बदलली कीं टाकही नवा मिळाला. एचपीच्या ६८० क्रमांकाच्या काळ्या डबींतून सुमारें ४८० पानें निघतात असें कंपनी सांगते. समजा डबीला ९६० रुपये पडले, तर पानाला दोन रुपये झाले. महिन्याला शंभर पानें छापणाऱ्या घरांत वर्षाला २,४०० रुपये जातात. येथें चांगल्या नांवाची दुसरी शाई भरून खर्च निम्मा झाला तरी वर्षाला १,२०० रुपये वांचतात, आणि बिघाड झालाच तर एका डबीवर निभावतें. येथें धाकट्या भाऊजींचें ऐकावें.

टाकीच्या प्रिंटरांत गोष्ट उलटी आहे. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलींतून सुमारें ४,५०० पानें निघतात असें ती कंपनी सांगते. बाटलीला ४५० रुपये पडले असें समजलें तर पानाला दहा पैसे. दुसरी शाई निम्म्या किंमतीला मिळाली तर पानामागें पांच पैसे वांचले; शंभर पानांच्या महिन्याला पांच रुपये, वर्षाला साठ! आणि येथें हेड यंत्रांत कायमचें बसविलेलें असतें. तें गेलें तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या जवळ जाऊन ठेपतो. शिवाय दुसऱ्या शाईनें झालेला बिघाड हमींत धरीत नाहींत. साठ रुपयांसाठीं हजारोंची जोखीम घेणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे. येथें थोरल्या भाऊजींचें ऐकावें. हिशेबांतील किंमती उदाहरणादाखल घेतल्या आहेत. आपल्या दुकानांतील घालून तोच हिशेब करावा. जेथें दिवसाला शेंकडों पानें निघतात अशा दुकानाचें गणित निराळें, कारण त्यांचा टाक वाळण्यास सवड मिळत नाहीं.

कोणतीही निवडा, एक निषेध दोघांनाही लागू आहे. दोन कुळांच्या शाया मिसळूं नयेत. पिगमेंटचे कण सारख्या विद्युद्भारामुळें किंवा भोंवतालच्या द्रव्यामुळें एकमेकांपासून दूर राहतात. परक्या शाईनें तो तोल बिघडला कीं गठळ्या होतात. चांगल्या दुधांत आंबट थेंब पडला तर दूध नासतें, तसेंच हें. टाकीचा प्रिंटर असेल तर ज्या शाईनें आरंभ केला तिच्यावरच राहणें बरें.

बुजलेलीं छिद्रें मोकळीं करण्याचीही रीत आहे. संगणकांतील किंवा यंत्रावरील 'नोझल चेक' प्रथम छापावें. कोणती रेघ तुटली तें दिसतें. मग 'हेड क्लीनिंग' एकदां करावें आणि पुन्हां तपासावें. दोन-तीन वेळां करूनही उतार न पडला तर यंत्र त्याच्या बटनानें बंद करून बारा तास स्वस्थ ठेवावें. टोपीखालच्या ओलाव्यानें वाळलेली शाई सैल होते, आणि सकाळीं एका क्लीनिंगनें काम होतें. रागानें दहा वेळां क्लीनिंग करणें म्हणजे शाई गटारांत ओतणें होय. कारण ती सर्व आंतल्या एका शोषक गादींत जाते, आणि ती गादी भरली कीं यंत्रच अडून बसतें. हेड डबीला जोडलेलें असेल तर स्वच्छ मऊ फडकें कोमट डिस्टिल्ड पाण्यानें ओलें करून त्यावर छिद्रांची बाजू दोन-चार मिनिटें टेकवावी. तांब्याच्या रंगाच्या पट्ट्यांना बोट लावूं नये. विहिरीचें पाणी वापरूं नये. खाडीकांठच्या आमच्या खारेपाटांत तर पाणी मचूळ; तें वाळलें कीं क्षार मागें राहून छिद्र अधिकच बुजतें. सुई, टांचणी, नखांचा रंग पुसण्याचें द्रव्य, यांपैकीं कशाचाही प्रयोग करूं नये. टाकीच्या यंत्रांतील हेड घरीं उघडूं नये. जाणत्या कारागिराकडे न्यावें.

आतां पथ्य, आणि तेंच सर्वांत स्वस्त. आठवड्यांतून एकदां सर्व रंग येतील असें एक पान छापावें. यंत्र त्याच्याच बटनानें बंद करावें, आणि हेड टोपीखालीं जाऊन दिवा विझल्यावरच भिंतीवरचा खटका दाबावा. पंख्याच्या झोतांत आणि खिडकीच्या उन्हांत यंत्र ठेवूं नये. धुळीसाठीं वर कापड घालावें. शाईचा मोठा सांठा करूं नये. आणि महिनोन्‌महिने एकही पान लागत नाहीं असें घर असेल, तर शाईचा प्रिंटर घेऊंच नये. लेसर प्रिंटरची शाई कोरडी पावडर असते. ती वाळणार तरी काय?

एकत्र कुटुंबांत मात्र एक अडचण असते. जी वस्तु सर्वांची ती कोणाचीच नसते. विहिरीचा रहाट, ओसरीवरचें घड्याळ, देवघरांतील समई, यांची पाळी जुन्या घरांत ठरलेली असे, म्हणून तीं चालत. प्रिंटरची पाळी कोणाची हें बहुतेक घरांत ठरलेलें नसतें, आणि बिघडल्यावर मात्र प्रत्येकाजवळ मत असतें. हें काम घरांतील बारा-चौदा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे नेमून द्यावें. शनिवारीं शाळेंतून आल्यावर आजोबांसाठीं एक पान मोठ्या अक्षरांत, दोन रंगीत ओळींसह, छापून द्यावयाचें. यंत्राला पथ्य, आजोबांना स्तोत्र आणि मुलाला शिस्त, हीं तिन्ही एका पानांत साधतात.

शेवटीं, ज्यासाठीं ही सर्व खटपट त्या कागदाविषयीं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे पनवेलकडून जे दोन टप्पे पाडले, ते पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे. रस्त्याच्या कांठीं ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना नोटिसा, नकाशे, पावत्या आणि उतारे यांचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. सातबाराचा उतारा आतां पुन्हां काढतां येतो. १ मे २०१८ पासून राज्य सरकारनें डिजिटल सहीचे उतारे देण्यास आरंभ केला आहे. परंतु सगळे कागद तसे नसतात. आजोबांच्या हस्ताक्षरांतील वांटणीचें टिपण, जुन्या पत्राचें छायाचित्र, कुलवृत्तान्तासाठीं जमविलेली वंशावळ, हीं एकदां विटलीं कीं गेलीं. म्हणून शाई निवडतांना दुकानदाराला भाव विचारण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा : हें पान उद्यां पुन्हां छापतां येईल काय? येत असेल तर स्वच्छ नांवाची कोणतीही साधी शाई पुरे. येत नसेल तर पिगमेंटची उत्तम शाई आणि चांगला कागद घ्यावा, छापलेलें पान एक दिवस सुकूं द्यावें, आणि त्याची एक प्रत संगणकांत व दुसरी निराळ्या ठिकाणीं ठेवावी. शाई टिकाऊ आहे कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. एक फालतू पान छापून दुसऱ्या दिवशीं त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. अक्षर पसरलें तर ती शाई दस्तऐवजाच्या कामाची नव्हे. दुसरें पान अर्धें झांकून महिनाभर खिडकींत उन्हाला ठेवावें. झांकलेला आणि उघडा भाग सारखे दिसले तर ती शाई भरंवशाची. अशी परीक्षा घेतल्यावर वेष्टनावर कोणाचें नांव आहे, याची फारशी चिंता उरत नाहीं.

पुढील अंकीं इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयीं लिहूं.